किचन टॉर्चने सिगार पेटवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या मेजवानीसाठी लागणाऱ्या सामानाची यादी आली होती. तीत किचन टॉर्च, म्हणजे हातात धरून वापरायचा गॅसचा छोटा बर्नर होता, आणि त्याच टॉर्चने सिगारही पेटते असं एका ओळीत सांगून लेख पुढे गेला होता. पेटते हे खरंच. पण माणसं नेमकी जिथे चुकतात ते त्या ओळीत आलं नाही. इंदुरात हा टॉर्च आता बऱ्याच ओट्यांवर दिसतो. भरताचं वांगं, पनीर, मक्याचं कणीस यांच्यासाठी आणलेली वस्तू पाहुणे जमले की सिगारसाठी बाहेर निघते. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे. जागा असेल तसं छापावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मध्ये मध्ये आणावी लागणार नाही. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तो विकताही येत नाही. तरी ज्यांना ओढायची ते ओढणारच. त्यांच्या हातून निदान पडदे पेटू नयेत, एवढ्यापुरतं हे लिखाण.

टॉर्चच्या टाकीत ब्युटेन नावाचा गॅस असतो आणि तो आत द्रवरूपात असतो. उणे अर्ध्या अंशाला तो उकळतो, म्हणजे पौषातल्या पहाटेसुद्धा टाकीबाहेर आला की लगेच त्याची वाफ होते. आत केवळ दाबामुळे द्रव राहतो. द्रवाची वाफ झाली की ती सुमारे २४० पट जागा व्यापते. टॉर्चचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं, आणि त्याचे सगळे रुसवेफुगवेही तिच्यातूनच निघतात. बर्नरकडे वरची वाफ गेली तर ज्योत निळी आणि शांत. द्रव गेला तर पिवळा भडका, तोही हातभर.

बाजारात दोन जाती मिळतात. एक लहान, बुडातून गॅस भरायचा. दुसरा म्हणजे २२० ग्रॅमच्या आसपासच्या उभ्या डब्यावर वरून अडकवायचं नुसतं डोकं. सिगारसाठी पहिला बरा, कारण त्याची ज्योत लहान करता येते. दुसऱ्याची खोड अशी की तिरका केला की डब्यातला द्रव थेट डोक्यात चढतो. त्या डब्याच्या गळ्यापाशी एक खाच असते. सुटसुटीत शेगडीत डबा आडवा बसवताना ती खाच वर ठेवतात, म्हणजे आतल्या वाकड्या नळीचं टोक वरच्या वाफेत राहतं. टॉर्च लावल्यावर मात्र त्या खाचेकडे कुणी बघत नाही. हाच टॉर्च वापरायचा असेल तर उभ्यानेच पेटवा, मिनिटभर उभाच जळू द्या, म्हणजे डोकं तापतं आणि चुकून आलेल्या द्रवाची आतच वाफ होते. तिरका करावाच लागला तर खाच आभाळाकडे ठेवून, सावकाश. सिगारसाठी खरं तर तिरका करायची गरजच नाही. टॉर्च उभा धरायचा आणि सिगार ज्योतीपाशी न्यायची.

आता ज्योतीविषयी. अगदी बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि बाजूच्या छिद्रांतून हवा ओढून घेतो. जळण्याआधीच हवा मिसळल्यामुळे काजळी धरत नाही. नीट पाहिलं तर आत गडद निळा, टोकदार सुळका दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट वेष्टन. सर्वांत जास्त उष्णता सुळक्याच्या टोकाच्या जरा पुढे असते, हजार अंशांच्याही बरीच वर. तंबाखू धुमसायला तिच्या निम्मीही लागत नाही. सुळका सिगारला टेकवला की तोंडाशी कोळशाची टोपी तयार होते, वरचं पान काळं पडून उकलतं, आणि पहिले पाच-सात झुरके कडू जातात. लोक मग तंबाखूला दोष देतात, गॅसचा वास आला म्हणतात. चांगल्या ब्युटेनच्या निळ्या ज्योतीत जळून उरतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. त्याला चव नसते. कडवटपणा करपलेल्या पानाचा असतो.

तेव्हा नॉब अगदी लहान, पण न फडफडणाऱ्या ज्योतीवर आणा. आतला सुळका बोटाच्या एका पेराहून मोठा नको. त्याच्या टोकापासून सिगारचं तोंड चार बोटं लांब धरायचं. ज्योत सिगारला शिवू द्यायची नाही, नुसती धग लागू द्यायची. अंतराचा अंदाज येत नसेल तर शिळ्या पोळीचा तुकडा चिमट्यात धरून त्याच अंतरावर करून पाहावा. तपकिरी ठिपके उठले तर ठीक, लगेच काळी पडली तर हात मागे घ्या. सिगार आडवी, तोंड किंचित खाली, आणि बोटांत संथपणे फिरती. आधी कड, मग मध्य. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० मापाची म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर. एवढ्या जाडीला २० ते ३० सेकंद पुरतात. कड राखाडी-काळी होते आणि धुराची बारीक रेघ उठते. इथे टॉर्च बंद करून खाली ठेवायचा आणि तोंडावर हलकी फुंकर मारायची. जी बाजू लाल होत नाही ती कच्ची आहे, तिला पुन्हा चार-पाच सेकंद धग. चहूकडून सारखी लाल झाली की मगच सिगार ओठांत.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबतो, कारण बहुतेक भुवया आणि मिशा इथेच जळतात. खास सिगारसाठी जे लायटर असतात त्यांची ज्योत दोन-तीन सेंटिमीटरची, सुईसारखी. ती ओठांतल्या सिगारला लावली तरी निभतं. किचन टॉर्चची ज्योत वीतभर जाऊ शकते, पंख्याच्या वाऱ्याने वळते, आणि मागून थेंबभर द्रव आला तर क्षणात दुप्पट होते. विडी ओढणारा काडी ओंजळीत धरतो, तीच सवय इथे हाताला चटका देते, कारण ओंजळीत टॉर्चचं नोझल असतं. सिगार हातात पेटवता येत असताना टॉर्च चेहऱ्यापाशी न्यायचं काहीच कारण नाही. कोपर लांब करून, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर काम करा. ज्योत आपोआप चालू ठेवणारी खिट्टी सिगारच्या वेळी वापरूच नका. बोट सुटलं की ज्योत विझली पाहिजे. दुपारच्या उन्हात गच्चीवर तर निळी ज्योत दिसतही नाही. फक्त आवाज येतो, आणि ती कुठवर गेली आहे ते सदऱ्याच्या बाहीला आधी कळतं.

व्हिस्की, रम, ब्रँडीचा पेला टॉर्चपासून दूर हवा. ४० टक्के मद्यार्काच्या पेयावर साधारण २६ अंशांपासून पेट घेण्याइतकी वाफ जमते, आणि मे महिन्यात आपल्या खोल्या रात्रीही याहून गरम असतात. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं कौतुक करायला गच्चीवर बसलं तरी हिशेब तोच. घरात कुणाला प्राणवायूचं यंत्र लावलेलं असेल तर टॉर्चही नको आणि सिगारही नको.

नोझल विझल्यावर कित्येक मिनिटं तापलेलं राहतं. ते स्टीलच्या ताटलीत ठेवावं. टेबलक्लॉथवर, सोफ्याच्या हातावर किंवा काचेच्या टीपॉयवर नको.

गॅस भरणं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि तिथेच सगळ्यात जास्त बिघडतं. घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. लायटरसाठीच्या शुद्ध ब्युटेनला पुष्कळदा तसा वास नसतो. शिवाय तो हवेच्या दुप्पट जड. सांडला की खाली बसतो, जमिनीवरून सरकतो, उंबरठ्याला अडून राहतो, मोरीत उतरतो. हवेत जेमतेम पावणेदोन-दोन टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो. हिशेब करून बघा. भरताना नोझल वाकडं बसून एक ग्रॅम गॅस उडाला, तर त्याची सुमारे ४०० मिलिलिटर वाफ होते. ती हवेत मिसळली की २० ते २२ लिटर हवा पेट घेण्याजोगी होते. अंघोळीची भरलेली बादली डोळ्यांसमोर आणा, तेवढी. आणि संध्याकाळी देवघरात समई असते, तीही जमिनीलगत. फ्रिजचा कॉम्प्रेसरही खालीच, त्याच्या रिलेत ठिणगी पडते. ओट्यावर गॅस भरू नये तो एवढ्यासाठी. गच्चीवर किंवा अंगणात भरावा, तिथे कुणी सिगार ओढत नसताना.

टॉर्च पूर्ण गार झालेला हवा. नॉब उणेच्या टोकाला, खटका कुलपात. टॉर्च उलटा धरून बुडाची झडप बारीक पेचकसाने दाबा आणि फुसफुस थांबेपर्यंत आतला उरलासुरला गॅस आणि हवा जाऊ द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आत दाब तसाच राहिला तर नवा गॅस शिरतच नाही, बाहेर उडतो, आणि टॉर्च कधी पूर्ण भरत नाही अशी तक्रार सुरू होते. मग टॉर्च उलटाच ठेवून त्यावर गॅसचा डबाही उलटा, नळी झडपेवर सरळ उभी, आणि एकदाच घट्ट दाबून तीन ते पाच सेकंद. सायकलच्या पंपासारखं वरखाली करू नका, प्रत्येक दाबात वाफ आत जाते आणि द्रव कमी. नळी झडपेला बसत नसेल तर डब्याच्या टोपणातले प्लॅस्टिकचे तुकडे त्यासाठीच असतात, नेमका बसेल तो निवडा. कडेने फवारा परत यायला लागला की टाकी भरली. काठोकाठ भरायचा हट्ट नको. द्रवाला उन्हाळ्यात फुगायला जागा लागते, २० अंशांवरून ५० वर गेला तर तो सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो.

भरल्यावर पाच मिनिटं टॉर्च तसाच ठेवा. भरताना सांडलेला गॅस उडून जातो आणि आतला गारठलेला द्रव खोलीच्या तापमानाला येतो. लगेच पेटवला तर ज्योत थुंकते, फडफडते, कधी पिवळी होते. सांडलेला द्रव बोटांना लागला तर तो उकळताना कातडीतली उष्णता ओढून घेतो आणि भाजल्यासारखा पांढरट डाग पडतो. त्यावर कोमट पाणी, चोळणं अजिबात नको. ज्योतीने भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काहीही नको.

घरच्या सिलिंडरमधून टॉर्च भरून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नये. त्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब कितीतरी जास्त, आणि ही चिमुकली टाकी तेवढ्यासाठी केलेली नसते. तसा गॅस काढणं बेकायदा आहे ते वेगळंच.

ऋतूप्रमाणे टॉर्चचा स्वभाव बदलतो. २० अंशांना आतला दाब हवेच्या दुप्पट असतो, १० अंशांना दीडपट, ५० ला जवळजवळ पाचपट. जानेवारीत सकाळी ज्योत मरगळते ती यामुळे. टॉर्च दोन मिनिटं तळहातात धरून ठेवला तरी काम होतं. शेगडीपाशी किंवा गरम पाण्यात ठेवून तापवायला जाऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत टॉर्च किंवा डबा विसरू नका, बंद गाडी आतून ५० च्या सहज वर जाते आणि डब्यावर लिहिलेली मर्यादाही बहुधा तीच असते. ओट्याखाली सिलिंडरशेजारी नको, शेगडीच्या वरच्या फळीवरही नको. पोरांचा हात न पोचेल अशा, हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवा.

दुरुस्तीला येणाऱ्या टॉर्चपैकी पुष्कळ बिघडलेले नसतात. बटण खटकन वाजतं, पण पेटत नाही, अशी तक्रार असते. आधी नॉब कमी करून पाहा. गॅस फार जोरात सुटत असेल तर ठिणगी पडूनही ज्योत धरत नाही, फुंकर मारल्यासारखी उडते. अंधाऱ्या खोलीत, टाकी रिकामी असताना, नोझलच्या आत निळी ठिणगी दिसते का पाहा. दिसत नसेल तर ठिणगीची तार वाकून नोझलच्या कडेला टेकली असेल किंवा फार लांब गेली असेल, तीन-चार मिलिमीटरची फट पुरते. ठिणगी आहे, गॅसचा आवाजही क्षीण येतो, तर भोक तुंबलंय. साखर वितळवताना उडालेला पाक, किंवा स्वस्त रिफिलमधला तेलकट गाळ. कॅमेरा साफ करायचा हवेचा फवारा मारावा. सुई घालू नये, भोक केसभर जरी मोठं झालं तरी ज्योत कायमची पिवळी होते. पिवळी ज्योत म्हणजे हवा अपुरी, मग सिगारवर काजळी बसणार आणि तेव्हा मात्र वास खरोखर येणार. बुडाची झडप गळते की नाही हे साबणाच्या पाण्याने कळतं. गळत असेल तर तो टॉर्च दुरुस्त करण्याच्या किमतीचा नसतो.

अर्धी ओढलेली सिगार एका बाजूने पळत, म्हणजे भरभर जळत असेल तर मागे राहिलेल्या बाजूला धग देतात. हे काम किचन टॉर्चचं नाही, त्याची ज्योत रुंद असल्याने शेजारचं पान करपतं. साधी काडी घ्या, पण डोक्यावरचा मसाला पूर्ण जळून लाकूड पेटेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, नाहीतर गंधकाची चव उतरते. मुळात सिगार वाकडी जळते ती बहुधा ओलीमुळे. तंबाखू ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवायचा असतो. आपल्याकडे श्रावणात डबा उघडा राहिला तर तो ओला होतो आणि वैशाखात पान तडकतं.

इतकं सगळं सांभाळायचं नसेल तर सोपी वाट आहे. बऱ्याच सिगारांच्या लाकडी डब्यात थरांमध्ये पातळ पापुद्रे असतात, स्पॅनिश सीडरचे. नाव सीडर असलं तरी ते झाड देवदाराचं कोणी लागत नाही, आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं आहे. त्या पापुद्र्याची बोटभर रुंद पट्टी काढायची, शेगडीच्या लहान बर्नरवर पेटवायची आणि तिच्या धगीवर सिगार फिरवायची. वेळ दुप्पट लागतो, दोन पट्ट्या जातात. पण तंबाखू करपत नाही, वासही छान येतो आणि टाकीतल्या द्रवाचा प्रश्नच उरत नाही. कापराने, मेणबत्तीने किंवा उदबत्तीने पेटवू नका, त्यांचा वास सिगारला लागतो. थेट शेगडीवर वाकूनही नको. तसं करणाऱ्यांचे समोरचे केस त्याची साक्ष देतात.

सुट्टीत पुण्या-मुंबईकडे जाताना टॉर्च बॅगेत टाकू नये. विमानात तो आणि रिफिलचा डबा हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि लगेजमध्येही चालत नाहीत. रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेणं १९८९ च्या कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि रिकामा डबा. रिकामा वाटतो तेव्हाही त्यात दाबाखालची वाफ असते, हलवला तर कधी चमचाभर द्रवही डुचमळतो. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकायची सवय आता अंगवळणी पडली आहे. हा डबा पत्र्याचा म्हणून लोक सुक्या कचऱ्यात टाकतात. सुका कचरा पुढे दाबला जातो, आणि तिथे तो फुटला तर हात गाडीवरच्या माणसाचा असतो. गच्चीवर किंवा अंगणात, आसपास आग नसताना, तोंड दाबून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत तो रिकामा करावा. खिळ्याने भोक पाडू नये. मग घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात, रंगाचे डबे आणि संपलेले सेल जिथे टाकतो तिथे, गाडीवाल्याच्या हातात देऊन आणि गॅसचा डबा आहे असं तोंडाने सांगून टाकावा.

आपला,
गॅस उपकरणांच्या दुरुस्तीतला एक वाचक
इंदूर